दोनच्या खुणेवरची सीट

१

लेकीकडे परदेशी राहायला गेलेल्या सेवानिवृत्त बापाला तिथे दोनच कामं असतात. एक, थंडी फार आहे असं म्हणणं आणि दुसरं, सकाळी पाव आणणं. पहिलं काम मी घरात बसून करत असे. दुसऱ्यासाठी सायकल लागे.

सायकल घरची नव्हे. त्या शहराने नाक्यानाक्यावर सायकली उभ्या करून ठेवल्या होत्या. कार्ड टेकवायचं, हिरवा दिवा लागला की सायकल खेचून काढायची, जायचं तिथे जायचं आणि तिथल्या स्टँडात अडकवून मोकळं व्हायचं. परतताना हाताला लागेल ती दुसरी. सगळ्यांची सायकल, म्हणजे कुणाचीच नाही. जावईबापूंनी हे समजावून सांगितलं तेव्हा मी मनात हसलो. जी वस्तू सगळ्यांची असते तिची काय दशा होते, हे सरकारी कचेरीत जन्म घालवलेल्या कारकुनाला सांगावं लागत नाही. आमच्या कचेरीतला पाण्याचा पेला सगळ्यांचा होता, म्हणून त्याला साखळी होती. पण इथल्या सायकलींना घंट्या होत्या आणि त्या वाजत होत्या.

अडचण एकच होती. मी उंचीने बेताचा. 'बेताचा' हा माझा शब्द, आमची ही 'आखूड' म्हणते. तिथली माणसं मात्र ताडासारखी. सीटखालच्या दांड्यावर एकपासून आठपर्यंत आकडे रंगवलेले असत आणि सीट कायम सहा-सातवर चढलेली. माझी खूण दोनची. म्हणजे रोज सकाळी थंडीत खाली वाकायचं, उजवा गुडघा 'कट्' असा वाजणार, संधिवाताच्या बोटांनी खटका ओढायचा आणि सीट दाबून खाली आणायची. कर्र… खट्. मग मोजे विजारीवर ओढून घ्यायचे, म्हणजे विजार चेनमध्ये अडकत नाही. एवढं होईतो चौथ्या मजल्याच्या खिडकीतून हाक येणारच.

"अहो, मफलर!"

मफलरचं टोक सुटून लोंबत असे. मी वर न बघता हात उंचावायचा आणि टोक कोटात खुपसायचं. संसाराला इतकी वर्षं झाली की पूजाअर्चा अशीच होते.

त्या सकाळी रांगेतल्या एका सायकलची सीट उलटी होती. टोक मागच्या चाकाकडे. मला वाकडी वस्तू बघवत नाही. लोकांच्या घरची कॅलेंडरंसुद्धा मी सरळ करून येतो. मी ती सीट फिरवून सरळ केली आणि सवयीने आकडा पाहिला. दोन.

बाकीच्या सगळ्या सीटांवर दव गोठून पांढरं झालं होतं. हिच्यावर काही नव्हतं. हात ठेवला तर उबदार. आत्ताच कुणीतरी उठून गेल्यासारखी.

"व्वा! सरकारी काम, आणि तेही गरम!" मी मोठ्याने म्हणालो. परक्या मुलखात एक सुख असतं, मराठीत काहीही बोललं तरी कुणी वळून बघत नाही.

मी मात्र वळून पाहिलं. रस्ता रिकामा होता. बेकरीच्या कोपऱ्यावर कुणाच्या तरी मफलरचं टोक तेवढं भिंतीआड जाताना दिसलं. त्याला मनातल्या मनात आशीर्वाद देऊन मी बसलो.

२

दुसऱ्या दिवशी वेगळीच सायकल, पण सीट उलटी, दोनवर आणि उबदार. तिसऱ्या दिवशीही तेच. माझ्या बोटांना आराम पडला. सोय झाली की माणूस चौकशी करत नाही, हा आमच्या खात्याचा जुना अनुभव आहे. मी सीट सरळ करायचो, बसायचो, पाव आणायचो. चार लोकांत कुणी ओळखत नाही अशा गावी कुणीतरी रोज आपल्याआधी उठून आपली जागा तयार ठेवतंय, याचं मला कौतुक वाटू लागलं होतं.

सुटीच्या दिवशी सगळे एकत्र जेवायला बसलो होतो, तेव्हा मी सहज विचारलं, "इथली माणसं सायकलची सीट उलटी का गं करून ठेवतात?"

लेकीचा घास हातातच राहिला. "बाबा, उलटी सीट म्हणजे सायकल बिघडलेली. आधीच्या माणसाने पुढच्यासाठी केलेली खूण असते ती. तुम्ही बसलात की काय तसल्यावर?"

"बसलो कुठे? आधी सरळ केली, मग बसलो."

"सरळ केलीत!"

"मग काय तर," ही म्हणाली. "जन्मभर कचेरीतल्या खुर्च्या सरळ केल्या, आता जगाच्या सीटा सरळ करायला निघालेत. खुर्चीतली माणसं तेवढी वाकडी राहिली."

जावईबापू हसता हसता ठसकले. "बाबा, म्हणजे या भागातल्या सगळ्या आजारी सायकली तुम्ही परत कामावर रुजू करून घेतल्यात!"

"आजारी नव्हत्या त्या," मी म्हणालो. "ब्रेक ठीक, चेन ठीक, हवा ठीक. कचेरीतली निम्मी माणसं त्यांच्यापेक्षा आजारी होती."

कुणाला पटेना. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी जावईबापू माझ्याबरोबर खाली आले. सज्जन मुलगा. सासऱ्याची परीक्षा घेताना बूट पुसून येतो. त्या दिवशी दोन सीटा उलट्या होत्या. त्यांनी एकीचे ब्रेक दाबले, चाक फिरवलं, पॅडल मागे-पुढे केलं आणि एक फेरी मारून आले. गुडघे हनुवटीला लागत होते.

"काहीच बिघडलेलं नाही," ते म्हणाले. "कुणीतरी चेष्टा करतंय."

"माझ्या उंचीचं?"

त्यांनी आकड्याकडे पाहिलं. मग मी बोट दाखवलं म्हणून रांगेतल्या दुसऱ्या उलट्या सीटवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

"गरम आहे," ते म्हणाले.

"असते."

"ऊन पडलं असेल."

त्या देशात सूर्य महिनाभर रजेवर होता. पण जावयाला खोटं पाडू नये. मी मान डोलावली.

जिना चढताना ते एकदम म्हणाले, "बाबा, हिला सांगू नका. आधीच तिच्या डोक्याला ताप आहे." तो ताप मला माहीत होता. लेक एका मोठ्या इस्पितळात एक्स-रे काढायच्या विभागात होती आणि अजून हंगामी होती. पुढच्या आठवड्यात कायम करण्याची मुलाखत होती. कायम झाली तर दोघांचा तिथला संसार पक्का, नाहीतर वर्षअखेर गाशा गुंडाळायचा. हंगामी आणि कायम या दोन शब्दांमधलं अंतर किती असतं ते मला विचारा. त्या अंतरात माणसांचे केस पांढरे झालेले मी पाहिले आहेत.

मी कुणालाच काही सांगितलं नाही.

३

मात्र मला स्वस्थ बसवेना. मी माझ्याशीच वाद घातला. या नाक्यावर कुणी बुटका चेष्टेखोर राहतो असं धरलं, तर तो माझ्या वेळा ओळखून असणार. मग जिथे मी कधी गेलोच नाही तिथे तो कसा पोचेल? पुरावा मिळवायचा तर असा मिळवावा.

एका दुपारी मी ट्रामने निघालो. कुठे उतरायचं ते ठरवलं नव्हतं. समोरची बाई उतरली म्हणून मी उतरलो. तिथे एक मोठा झाकलेला बाजार होता आणि त्याच्या तळघरात सायकलींचा स्टँड. वर भाजीवाल्यांची ओरड, लख्ख दिवे आणि गर्दी. उतरणीने खाली गेलो तशी ती ओरड मागे पडली आणि शेवटच्या वळणानंतर पार बंद झाली, कुणी दार लोटून घ्यावं तशी.

खाली छत ठेंगणं होतं. छताला जाडजाड नळ होते आणि त्यांतून पाणी गेल्याचा आवाज येई. रांगांमागून रांगा, सगळ्या सायकली एकाच दिशेला मान वळवून उभ्या. एक ट्यूबलाइट गुणगुणत होती. माणूस कुणी नव्हतं. मी पहिल्या रांगेतून हिंडलो. सीटा सरळ, सहावर, सातवर. माझ्या जिवात जीव आला.

तेवढ्यात लांबच्या रांगेत आवाज झाला. कर्र… खट्.

असेल कुणीतरी, मी स्वतःला सांगितलं. स्टँडात सायकल घ्यायला माणसं येतातच. मग दुसरा आवाज आला. बारीक, कोरडा. कट्.

तो माझ्या गुडघ्याचा आवाज होता. इतक्या वर्षांची सोबत आहे, मी तो झोपेतही ओळखीन. फक्त मी त्या वेळी वाकलेलो नव्हतो. मी सरळ उभा होतो.

"कोण आहे?" मी विचारलं. मराठीतच. घाबरल्यावर माणसाला दुसरी भाषा सुचत नाही.

कुणीतरी घसा खाकरला. साहेबांच्या खोलीबाहेर, आत जाऊ की नको अशा विचारात आम्ही खाकरायचो, तसा. मग पावलं. घाई नाही, धावपळ नाही. पलीकडच्या उतरणीने ती वर गेली आणि विरली.

मी त्या रांगेपाशी गेलो. जायला नको होतं, पण वाकडी वस्तू सोडून येणं मला जमत नाही. एकच सीट उलटी होती. आकडा सांगायला नको. हातही लावायला नको होता, पण लावला.

ती सायकल मी घेतली नाही. लगबगीने वर आलो. पळालो असं म्हणता येणार नाही, माझ्या वयात ते जमत नाही.

ट्राममध्ये बसल्यावर, हे लिहिताना संकोच वाटतो, भीतीच्या खाली दुसरंही काहीतरी होतं. निवृत्त झाल्यापासून मी कुठे पोचतो याची कुणी वाट पाहत नव्हतं. वेळेवर गेलो काय, उशिरा गेलो काय, खुर्ची आपली थंडच. आणि इथे एक जण, मला न सांगता, जिथे मीही जायचं ठरवलं नव्हतं तिथे आधी पोचून, या थंडीत बसून माझी सीट गरम करून जात होता. त्याला माझ्याकडून काही नको होतं. तोंडदेखले आभारसुद्धा नको होते.

४

मुलाखतीच्या दिवशी लेकीची पिशवी घेऊन मी तिच्याबरोबर खाली उतरलो. ती एरवीही सायकलनेच जाई. आमच्या नाक्यावरून सरळ उतार लागतो, तो खाली हमरस्त्याला मिळतो आणि पलीकडे इस्पितळ. त्या उतारावर ती पॅडल मारत नसे आणि ब्रेकही दाबत नसे. लहानपणी घसरगुंडीवरही तिचं हेच होतं.

स्टँडापाशी पोचलो आणि मी थांबलो. एक-दोन नव्हे, रांगेतल्या झाडून सगळ्या सीटा उलट्या होत्या.

"काय चावटपणा आहे!" लेक म्हणाली. "पोरं असणार." तिने कार्ड टेकवलं, एक सायकल खेचून काढली आणि सीट सरळ केली.

मी आकडा पाहिला. पाच.

पुढची पाहिली. पाच. त्यापुढची. सगळ्या पाचवर. पाच म्हणजे माझी लेक. उंचीने ती आईवर गेली आहे. सुटीच्या दिवशी आम्ही दोघं फिरायला निघालो की मी स्वतः तिची सीट पाचवर लावून देत असे.

मी तिच्या सायकलच्या सीटवर हात ठेवला. आज ऊब नव्हती. इतकी गार होती की कातडी चिकटली आणि हात ओढून काढावा लागला.

"ही नको," मी म्हणालो.

"का? बरी आहे की. तुम्हीच म्हणता ना, उलट्या असल्या तरी चांगल्या असतात?"

"ही नको. कुठलीच नको. ट्रामने जा."

"ट्राम सगळ्या गावाला वळसा घालून जाते, बाबा. उशीर होईल. हँडल सोडा."

मी सोडलं नाही. दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

"बाबा, लोक बघतायत. सोडा ना! काय झालंय ते तरी सांगा."

काय सांगणार? जन्मभर मी अर्ज वाचले, पण 'सीट गार आहे, सबब आपल्या लेकीस जाऊ देऊ नये' असा अर्ज मला स्वतःलाही मंजूर करता आला नसता. तिचे डोळे भरून आले होते. आयुष्यातली मोठी मुलाखत, आणि बाप नाक्यावर हँडल धरून उभा.

"तुम्हाला मी इथे नकोय का?" ती म्हणाली. "मी कायम झाले तर परत येणार नाही, म्हणून हे चाललंय?"

हे लागलं. फार लागलं. पण बोलण्यात वेळ घालवून उपयोग नव्हता. सगळ्या नोकरीत मी एकदाही खोटी आजारपणाची रजा घेतली नव्हती. ती तेव्हा घेतली. छातीवर हात दाबला, "आई गं" म्हटलं आणि बाकावर बसकण मारली. अभिनयात मी कच्चा, पण रजेसाठी कळा आलेले सहकारी इतके पाहिले होते की ते सगळे मदतीला धावून आले.

लेकीचा चेहरा पांढराफटक पडला. तिने सायकल बाकाला टेकवली, माझा मफलर सोडवून बाजूला टाकला आणि कोटाचं बटण काढलं. "बाबा, हलू नका. पाणी आणते. फोन करते." आणि ती बेकरीत धावली.

मी डोळे मिटून घेतले. मिटले म्हणजे किलकिले ठेवले.

बेकरीच्या कोपऱ्यावरून एक माणूस आला. लेक नुकतीच त्याच कोपऱ्यावरच्या दारातून आत गेली होती, पण तिने त्याला पाहिलं असं वाटलं नाही. बुटका. मोजे विजारीवर ओढलेले. माझ्याकडे त्याची पाठ होती आणि ती त्याने शेवटपर्यंत फिरवली नाही. बाकाला टेकलेली सायकल त्याने अलगद बाजूला घेतली. वाकला. कट्. खटका ओढला. कर्र… खट्. बोटं दुखत असावीत, कारण ओढून झाल्यावर त्याने ती झटकली.

मला ओरडायचं होतं. तोंड उघडलं. आवाज निघेना. खोटं आजारपण तेवढ्यापुरतं खरं झालं होतं.

त्याने टांग टाकली आणि तो उताराला लागला. तेवढ्यात चौथ्या मजल्याची खिडकी उघडल्याचं ऐकू आलं आणि रोजची हाक आली.

"अहो, मफलर!"

त्याने वर पाहिलं नाही. एक हात उंचावला आणि मफलरचं टोक कोटात खुपसलं.

माझाही हात गळ्यापाशी गेला होता. तिथे काही नव्हतं. माझा मफलर शेजारी बाकावर पडला होता.

माणसाने स्वतःची पाठ कधी पाहिलेली नसते. म्हणून मी खात्रीने काही सांगत नाही.

५

आवाज खालून आला, हमरस्त्यावरून. आधी लांबलचक, घासत गेलेला आणि मग फरशा फुटल्यासारखा. त्या फरशाच होत्या. फरशांनी भरलेला ट्रक बर्फावरून घसरून सायकलींच्या वाटेवर आडवा झाला होता.

लेक पाण्याची बाटली घेऊन बाहेर आली आणि जागीच उभी राहिली. उताराच्या टोकाशी धूळ उठली होती. तिची नजर आधी धुळीकडे गेली, मग बाकाकडे, जिथे तिची सायकल नव्हती. मग माझ्याकडे. बाटली तिच्या हातातून कधी पडली ते तिला कळलं नाही.

आमची ही घरातल्या सपाता घालून, डोक्यावर काही न घेता चार जिने उतरून आली. ती खाली उताराकडेच धावत निघाली होती. बाकापाशी आल्यावर तिने मला पाहिलं. इतक्या वर्षांत तिने माझ्याकडे तसं कधी पाहिलेलं नाही. लग्नातसुद्धा नाही.

"तुम्ही इथे?" ती म्हणाली. "मग तो…"

ते वाक्य तिने आजतागायत पूर्ण केलेलं नाही. माझ्या खांद्यावर जोरात दोन चापट्या मारल्या आणि मग तोच खांदा घट्ट धरून ठेवला.

ट्रकवाल्याला फारसं लागलं नव्हतं. तो रस्त्याकडेला बसून रडत होता आणि एकच गोष्ट सांगत होता. लेकीने ती आम्हाला त्याच्याच शब्दांत, मराठी करून सांगितली. म्हातारा माणूस होता, अगदी समोर आला, त्याने ब्रेक मारलाच नाही, उलट माझ्याकडे बघून मान हलवली, ओळख असल्यासारखी. पोलिसांनी, आगीच्या बंबवाल्यांनी एकेक फरशी उचलली. सायकल मिळाली. ती चपटी झाली होती. सीट दोनवर होती. माणूस मिळाला नाही. संध्याकाळपर्यंत शोधलं, नाहीच मिळाला. ट्रकवाल्याला भास झाला असावा असं ठरलं. कुठल्याही देशातलं सरकारी खातं असं ठरवतं आणि मला त्यात खोट काढायची नाही.

मुलाखतीचं म्हणाल तर रस्ता बंद झाल्यामुळे ती घेणारे साहेबच पोचले नव्हते. आठवड्याने झाली. लेक कायम झाली. त्याच इस्पितळात तिने माझी छाती आतून-बाहेरून तपासून घेतली. डॉक्टर म्हणाले, हृदय ठणठणीत आहे. ही म्हणाली, "असणारच. वापरलंय कुठे?"

घरी येताना ट्राममध्ये लेक माझ्याशेजारी बसली होती.

"बाबा, त्या दिवशी छातीत खरंच दुखत होतं का?"

"दुखत होतं," मी म्हणालो. ते काही खोटं नव्हतं.

तिने माझा मफलर नीट केला.

६

त्या दिवसापासून सीटा सरळ असत. सहावर, सातवर, दव गोठलेल्या. मी वाकायचो, गुडघा वाजायचा, खटका ओढताना बोटांतून कळ जायची. कुणी आधी येऊन गेलेलं नसे. आता खरं तर सुटका झाली म्हणायला हवं होतं. पण एखाद्या घरून रोजचा डबा येणं थांबावं तसं मला वाटे. त्याचे आभार मानायचे राहून गेले होते आणि पत्ता ठाऊक नव्हता.

आमचं परतीचं विमान जवळ आलं. निघण्याच्या आदल्या सकाळी मी पाव आणायला शेवटचा उतरलो. धुकं होतं. मोजे विजारीवर ओढले, एका सायकलची सीट दोनवर आणली आणि बसलो. निघालो मात्र नाही. कार्डही टेकवलं नव्हतं. सायकल तशीच स्टँडात अडकलेली आणि मी वर बसून. का, ते मला सांगता येणार नाही. मनात एवढंच आलं, की कुणी आपल्यासाठी इतकं केलं, तर आपणही एखाद्या दिवशी कुणासाठी करावं. बराच वेळ बसलो. पाय बधिर झाले. खालची सीट हळूहळू उबदार झाली.

उतरल्यावर एक शंका आली. ही जर दुसऱ्याच कुणी नेली तर? जागा धरून ठेवायला इथे रुमाल टाकायची सोय नाही. आणि तेव्हा मला ती साधी युक्ती कळली. सीट उलटी करायची. कुणी हात लावत नाही. ज्याला वाकडं बघवत नाही, तोच तेवढा लावेल.

मी सीट उलटी केली आणि बेकरीच्या कोपऱ्याकडे चालू लागलो. मागे इमारतीचं दार वाजलं. कुणीतरी बाहेर आलं. पाऊल ओळखीचं होतं. मी वेग वाढवला. का कुणास ठाऊक, पण उपकार करणाऱ्याने तोंड दाखवू नये असं मला फार आतून वाटलं. कोपरा वळताना मफलरचं टोक मागे राहिलं होतं, ते मी ओढून घेतलं.

भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. पलीकडे सीट फिरवल्याचा आवाज झाला. आणि मग कुणीतरी मोठ्याने, खुशीत, अगदी माझ्या भाषेत म्हणालं:

"व्वा! सरकारी काम, आणि तेही गरम!"

मी डोकावलो नाही. भीती वाटली, ती वाटणारच. पण त्याहून अधिक मला बरं वाटत होतं, हंगामी नोकराच्या हातात कायमचा हुकूम पडावा तसं. इतके दिवस मी ज्याचे आभार मानायला शोधत होतो, त्याचं काम कुणाकडे आलं आहे ते मला कळलं होतं. हे नाक्यावरचं झालं. तळघरातलं होईल. आणि लेकीच्या ऐवजी मारायची, उतारावरची ती एक फेरीही आपल्याच वाट्याची आहे, हेही कळलं. ती कुठे आणि कधी गाठायची ते मला ठाऊक नाही. पण तोही कधी चुकला नव्हता, मीही चुकणार नाही.

आता आम्ही आमच्या घरी परत आलो आहोत. लेकीचा दर रविवारी फोन येतो. ती खुशाल आहे. तिचा आवाज ऐकला की मी मनातल्या मनात हात जोडतो, कुणाला ते विचारू नका.

बाहेर निघताना मी अजूनही मोजे विजारीवर ओढून घेतो. इथे थंडी नाही आणि माझ्याकडे सायकलही नाही. ही खिडकीत उभी असते. मफलरची हाक आता ती मारत नाही. मी कोपऱ्यावर दिसेनासा होईपर्यंत नुसती बघत राहते, आणि मग, मला वाटतं, आत वळून मी घरात तर नाही ना, ते पाहून घेते.